पांडवकडा : पाणी असताना आणि नसताना



आमचे गव्हाण पनवेल तालुक्यात, पनवेलच्या खाडीच्या दक्षिण अंगाला. इकडे उलवे, तिकडे जासई, पलीकडे न्हावा आणि मध्ये आमची आगरी-कराडी-कोळ्यांची वस्ती. मी लहान होतो तेव्हा गावाभोवती खारपाटाची भातशेती होती. शेताच्या बांधावर उभे राहून उत्तरेला पाहिले, की खाडीपलीकडे खारघरच्या डोंगराची निळी रेघ दिसे. जेठ महिन्यात एखाद्या संध्याकाळी ती रेघ एकदम ठळक व्हायची, झाडे मोजावीत इतकी. मग आजा म्हणायचा, "डोंगर जवल आयलाय रं. पानी येनार." आणि दोन-चार दिवसांत पाऊस यायचाच. नाही आला तर आजा तो विषय काढत नसे!

त्या डोंगराच्या पोटात एक कडा आहे, त्याचे नाव पांडवकडा. पांडव वनवासात असताना इथे राहून गेले, अशी लोककथा आहे. आपल्याकडे ज्या डोंगरात एखादी कपार असते तिथे पांडव एक रात्र तरी राहिलेले असतातच. पावसाळ्यात या कड्यावरून पाणी कोसळते. उंची सुमारे १०७ मीटर, म्हणजे साडेतीनशे फूट. मुंबईच्या विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ८५ मीटरचा आहे. तो या कड्याखाली नेऊन उभा केला, तर त्याच्या डोक्यावरही वीसएक मीटर पाणी कोसळत राहील.

आता एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? जुन्या माणसांनी याला नाव दिले ते कड्याचे. धबधब्याचे नव्हे. कारण पाणी तिथे वर्षातले चार-पाच महिने; कडा बारा महिने. आज मात्र शंभरातले नव्याण्णव लोक तो जुलै महिन्यातल्या एखाद्या रविवारी पाहतात, भिजतात, छायाचित्रे काढतात आणि परत जातात. मी गेली तीस वर्षे तिथे सगळ्या ऋतूंत जातो आहे. हा नाद मला हौसेने लागला नाही. का लागला, ते पुढे सांगणारच आहे. पण आधी तुम्हाला मे महिन्यात घेऊन जातो, कारण कडा समजून घ्यायचा तर तो कोरडाच पाहिला पाहिजे.

मे महिन्यात सकाळी लवकर निघावे लागते. नऊनंतर दगड तापतो. ओढ्याचे पात्र कोरडे असते आणि त्याच पात्रातून, धोंड्यांवरून पाय टाकत वर जायचे. हे धोंडे नीट पाहा. कुणी म्हशीएवढे, कुणी घरातल्या उतरंडीएवढे, सगळे गोल गुळगुळीत. एवढाले धोंडे कुणी घासले? पाण्याने. आणि इथवर कुणी आणले? त्याच पाण्याने. शाळेतल्या पोरांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की जे पाणी म्हशीएवढा धोंडा लोळवत आणते, ते तुम्हाआम्हाला काय करील? पोरे हसतात, पण धोंड्याला हात लावून पाहतात.

करवंदाच्या जाळ्या या दिवसांत काळ्याभोर असतात. पांढरा कुडा फुललेला असतो. आणि घळीत शिरले की कुठून तरी शीळ ऐकू येते, अगदी माणसाने घालावी तशी, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या उनाड पोरासारखी, धड सूर नाही, धड थांबणे नाही. हा शीळकरी कस्तूर. निळसर काळा पक्षी, ओढ्याकाठी राहणारा. पावसाच्या तोंडावर त्याचा गळा मोकळा होतो.

मग वळण संपते आणि समोर कडा उभा राहतो. काळा, कोरडा, वाकून बघणाऱ्या सासऱ्यासारखा. जिथून पाणी पडते तिथे वरपासून खालपर्यंत एक करड्या रंगाचा पट्टा, वाळलेल्या शेवाळाचा. आणि आडवे थर. एकावर एक, एकावर एक.

हे थर कसले? आमच्याकडे तांदळाच्या पिठाचे घावन करतात. तव्यावर पातळ पीठ ओतले, की ते पसरते आणि वरच्या अंगाला बारीक बारीक भोके पडून जाळी येते. खालची बाजू घट्ट. एक घावन झाले की ताटात ठेवायचे, त्यावर दुसरे, त्यावर तिसरे. आपला सह्याद्री असाच झाला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला शिलारस, ज्याला लाव्हा म्हणतात, बाहेर आला. त्याची उष्णता हजार-बाराशे अंशांच्या घरातली. शंकूसारखा ज्वालामुखी डोंगर आणि त्याच्या तोंडातून धूर, असे चित्र डोळ्यांसमोर आणू नका. हा रस पीठ पसरावे तसा मैलोन् मैल पसरला, थिजला, त्यावर पुन्हा दुसरा आला. त्या काळी आपला भारत आजच्या जागी नव्हता, विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, आणि आज मॉरिशसजवळ जे रेयुनियों बेट आहे त्याच्या खालच्या उष्णतेवरून सरकत होता, असे शास्त्रज्ञ सांगतात. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख या दगडाखाली आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यातच आला.

घावनाची जाळी दगडातही दिसते. रस थिजताना आतले वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढले आणि थराच्या वरच्या अंगाला भोके राहिली. पुढे लाखो वर्षे पाणी झिरपून त्या भोकांत पांढरे स्फटिक भरले. ओढ्यात असा पांढरे ठिपके असलेला दगड सापडला, तर तो एखाद्या थराच्या माथ्याचा समजावा. आणि गच्च, काळाकुळकुळीत, ठिपका नसलेला दगड सापडला, तर तो थराच्या पोटातला. जाते, पाटा, वरवंटा करायचा तो या पोटातल्या दगडाचा. आमच्या समोरच्या घारापुरीची लेणी याच जातीच्या काळ्या पाषाणात कोरली आहेत. विमानतळासाठी उलव्याची जी टेकडी सुरुंग लावून फोडली आणि जिचा दगड भरावाला घातला, तीही हीच. त्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. ज्या घावनावर आपण बसलो आहोत, त्याचाच तुकडा मोडून आपण धावपट्टीखाली घातला आहे.

दोन थरांच्या मध्ये सह्याद्रीत कुठे कुठे गेरूसारखी तांबडी पट्टी दिसते. एक थर थिजल्यावर दुसरा यायला बराच काळ गेला, तेवढ्यात खालच्या थराची माती झाली, आणि वरून नवा रस आल्यावर ती भाजून निघाली. म्हणजे थर कठीण, मधली माती मऊ, पुन्हा कठीण. पाणी आणि वारा मऊ भाग आधी खातात. वरचा कठीण भाग आधारावाचून पुढे लोंबतो आणि एक दिवस तुटून पडतो. म्हणून आपल्याकडचे डोंगर उतरणीचे नसून पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. इंग्रजीत या दगडाला ट्रॅप म्हणतात, तो शब्दही स्वीडन देशातल्या पायरी या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. कड्याच्या पायथ्याशी ज्या कपारी आणि पोकळ्या सापडतात, त्यांत पांडव राहिले असतील नसतील. पण अशा कपारी पडतात त्या बहुधा या खाण्यामुळे.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती पनवेलकरांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. घाटमाथ्यावर हे थर जवळजवळ आडवे आहेत. पण पनवेलच्या आसपास ते पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला, वाकून कलले आहेत. टेबलाच्या कडेवरून चटई लोंबावी तसे. भूशास्त्रात याला आपल्याच गावाचे नाव आहे, पनवेल फ्लेक्शर, म्हणजे पनवेलची वाकण. पश्चिम किनारा तुटून वेगळा होताना हे झाले, असे मानतात. जगातल्या भूशास्त्राच्या पुस्तकांत पनवेलचे नाव आहे ते या वाकणीसाठी, आणि आमच्या तालुक्यातल्या किती शाळांत ते शिकवले जाते? मी स्वतः नोकरीला लागल्यावर दहा वर्षांनी ते प्रथम वाचले.

असो. आता पाऊस येऊ द्या.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो. पहिल्या सरी डोंगर पिऊन टाकतो. पायथ्याच्या रानात शेवळे उगवतात. आदिवासी बाया ती खुडून, सोबत काकडे घेऊन पनवेलच्या बाजारात येतात. काकड्यांशिवाय शेवळे केली तर घसा खाजतो, हे रायगडातल्या पोरालाही ठाऊक असते. खाली खाचरांत वलगणीचे मासे चढतात. या दिवसांत कड्यावर पाणी नसते, नुसता ओलावा. दगडाचा रंग करड्याचा काळा होतो. मग एखाद्या रात्री डोंगरावर धरून पाऊस पडतो आणि सकाळी कडा लागलेला असतो. आम्ही "कडा लागला" असेच म्हणतो, जसे गाय पान्हावली म्हणावे तसे.

जुलैमधला कडा मी वर्णन करून सांगू नये. तो तुम्ही पाहिला आहे, नाही तर त्याच्यासारखा दुसरा पाहिला आहे. फक्त एक खेळ सांगतो, तो लांबून, रस्त्यावरून करता येतो. पाणी वरून सुटताना त्याचा एखादा झोत, कापसाच्या लडीसारखा, वेगळा दिसतो. त्यावर नजर धरायची आणि मोजायचे, एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल. हवा नसती तर १०७ मीटर यायला त्याला साडेचार-पावणेपाच सेकंद लागले असते. पोरांचे मोजणे सहा-सात विठ्ठलांवर जाते. मधले दोन विठ्ठल हवेने अडवले. पाण्याचे तुषार होतात, तुषारांना हवा धरून ठेवते. पण दगडाला धरत नाही! वरून पाण्याबरोबर मुठीएवढा दगड आला, तर तो खाली पोचेपर्यंत ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटर वेगाने येतो. धबधब्याखाली डोके देऊन उभे राहणाऱ्यांना हा हिशेब कुणी सांगत नाही.

आता ती गोष्ट.

१९९४ साली जुलै महिन्यात मी नववीतली सात मुले घेऊन पांडवकड्याला गेलो. तेव्हा खारघर म्हणजे भातशेतीतले गाव होते. गव्हाणहून एस.टी.ने पनवेल, तिथून दुसऱ्या गाडीने शीव-पनवेल रस्त्यावर उतरायचे आणि बांधाबांधाने चालत जायचे. शाळेची सहल नव्हती. रविवार होता, मुले हुशार होती, मी बत्तीस वर्षांचा होतो आणि मला सगळे कळते असे मला वाटत होते.

ऊन पडले होते. हे लक्षात ठेवा. आम्ही ओढा ओलांडून पलीकडे गेलो. पाणी गुडघ्याएवढे, नितळ, तळाचा खडा दिसत होता. पलीकडच्या एका सपाट दगडावर बसून भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. मुले पाण्यात पाय सोडून बसली होती. तेवढ्यात ज्या काठावरून आम्ही आलो, त्या काठावर एक म्हातारा आला. वरच्या फणसवाडीचा. खांद्यावर घोंगडी, हातात आकडीची लांब काठी, आणि कंटोल्यांची गाठोडी. तो आमच्याकडे बघून ओरडू लागला. पाण्याच्या आवाजात शब्द कळेनात. मला वाटले, म्हातारा पोरांवर रागावला आहे. मग त्याने काठीने पाण्याकडे दाखवले.

पाणी चहाच्या रंगाचे झाले होते. त्यावर सुकी पाने आणि काटक्या येत होत्या.

मी मुलांना म्हणालो, "चला, एकमेकांचे हात धरा, पलीकडे जायचे." आणि सर्वांत उंच मुलाला, सगळ्यांत दणकट म्हणून, मी पुढे घातले. तो चार पावले गेला. म्हाताऱ्याने दोन्ही हात वर करून हलवले, "नको, नको" अशा अर्थाने. पण पाणी तोवर मांडीला लागले होते. पाचव्या पावलाला त्या मुलाचा पाय सुटला.

तो वाहत गेला फार तर पंधरा-वीस हात. मला ते अंतर आजही मोजता येते. म्हाताऱ्याच्या काठावर करंजाचे एक झाड ओढ्यात मुळे सोडून होते, त्यात मुलगा अडकला, आणि म्हाताऱ्याने आकडी त्याच्या सदऱ्याच्या गळ्यात घालून त्याला ओढून घेतले. करवंदाची जाळी ओढावी तसे. मुलाची एक चप्पल आणि दप्तर गेले.

आता तो मुलगा म्हाताऱ्याजवळ त्या काठावर, आणि मी सहा मुलांना घेऊन या काठावर. मध्ये पाणी. म्हातारा आता अगदी काठाशी येऊन ओरडला, ते मला ऐकू आले, "मास्तर, पोरांना वर घ्या! पान्यात नाय, वर घ्या! पानी जाईल!" आम्ही चढणीवर झाडांत जाऊन बसलो. ज्या सपाट दगडावर भाकरी खाल्ली होती, तो पाहता पाहता बुडाला. डोक्यावर अजून ऊन होते, मंडळी. आमच्या अंगावर पावसाचा थेंब पडला नव्हता.

तीन तास बसलो. पलीकडे तो मुलगा घोंगडी पांघरून म्हाताऱ्याजवळ बसला होता आणि आमच्याकडे बघत होता. पाच वाजता पाणी उतरले, पुन्हा गुडघ्याला आले, पुन्हा नितळ झाले. म्हाताऱ्याने स्वतः मधोमध उभे राहून एकेकाला काठीने पार करून घेतले. मी त्याला पैसे देऊ केले तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, वर पाऊस लागला व्हता. तुमाला खालून कसा दिसंल?"

गावात आल्यावर मी आधी त्या मुलाच्या घरी गेलो आणि त्याच्या आईला सगळे सांगितले. तिने मला एक शब्द बोल लावला नाही. मीठ-मिरच्या आणल्या, मुलाची दृष्ट काढली, आणि मग माझीही काढली. बोलली असती तर बरे झाले असते. शाळेत मात्र ही गोष्ट मी बरीच वर्षे कुणाला सांगितली नाही.

पुढच्या मे महिन्यात मी एकटाच तिथे गेलो, ते करंजाचे झाड पाहायला. तेव्हापासून हा नाद लागला.

म्हातारा जे एका वाक्यात बोलला, त्याचा हिशेब मी पुढे मांडून पाहिला. डोंगरावर पठार आहे. काळ्या दगडावर मातीचा थर पातळ. जूनमध्ये तो एकदा भिजला की पुढचे पाणी मुरत नाही, सरळ वाहते. उदाहरणादाखल वरचे एक चौरस किलोमीटर रान धरा आणि त्यावर तासाभरात २५ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढा, पाऊस धरा. आमच्याकडे अशी सर काही विशेष नव्हे. त्याचे पाणी होते अडीच कोटी लिटर. दहा हजार लिटरचे अडीच हजार टँकर. हे सगळे एका घळीच्या तोंडाशी एकत्र यायचे असते, आणि त्याला लागतात मिनिटे. खाली ऊन असले तरी त्याला अडवणारे कुणी नाही. शिक्षकबंधूंनो, हे गणित सहावीच्या मुलाला येते. मला १९९४ साली येत होते. मांडायचे सुचले नव्हते, इतकेच.

पाणी येण्याआधी खुणा देते. नितळ पाणी गढूळ होते. पाने, काटक्या, फेस येऊ लागतो. आवाज बदलतो, खळखळ जाऊन घुमल्यासारखा होतो. ओल्या मातीचा वास येतो. यातली एक खूण दिसली तरी काठ चढायचा, ज्या काठावर असाल तोच. पलीकडे काय राहिले ते राहू द्यावे, दप्तर असो, डबा असो. माणूस असला तरी त्याला तिकडेच वर चढायला सांगावे. हे मी म्हाताऱ्याच्या तोंडचे सांगतो आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये याच पांडवकड्याच्या ओढ्यात महाविद्यालयात शिकणाऱ्या चार मुली वाहून गेल्या. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एकाच कुटुंबातली पाच माणसे गेली. खडकावर एकमेकांना धरून उभी होती. एकमेकांचे हात धरा, असे मीही म्हणालो होतो. पांडवकड्याला पावसाळ्यात जायला बंदी घालतात, तिथे पोलीस आणि वनखात्याची माणसे उभी असतात. त्यांच्याशी हुज्जत घालणारे तरुण मी पाहिले आहेत. मी पावसाळ्यात आता वर जात नाही. खारघरच्या रस्त्यावरून, गोल्फच्या मैदानापलीकडे, कडा दिसतो. तिथे छत्री घेऊन उभा राहतो आणि विठ्ठल मोजतो.

गणेशोत्सवानंतर पाऊस विरळ होतो. तेरड्याने उतार जांभळे-गुलाबी होतात. ऑक्टोबरात परतीच्या पावसाच्या एक-दोन सरी येऊन जातात, आणि मग जो कडा दिसतो तो मला सर्वांत आवडतो. पाणी उरते एका दोरीएवढे. ते वाऱ्याने हलते, खाली पोचेपर्यंत त्याचा नुसता धूर होतो. दगड धुऊन स्वच्छ झालेला. सगळे थर स्पष्ट, मोजता येतील असे. मुलांना घेऊन जायचे ते आता, वनखात्याला आधी पत्र देऊन, आणि आकाशात ढग नसेल तर. प्रत्येकाच्या हाती वही. कड्याचे चित्र काढायचे, थर आडवे की कललेले ते हातातल्या पट्टीने पाहायचे, ओढ्यातले दोन दगड, एक ठिपक्यांचा आणि एक बिनठिपक्यांचा, शोधायचे. धबधब्याचे चित्र सगळीच मुले काढतात. कड्याचे काढायला सांगितले, की एखादाच मुलगा नीट काढतो, आणि तो बहुधा मागच्या बाकावरचा असतो.

थंडीत दोरीही तुटते. कड्यावर आग्या मोहोळे लटकतात. तिथे ओरडू नये, धूर करू नये. पौष-माघात झाडे उघडी पडतात आणि मग शिशिरात काटेसावर, पांगारा, पळस, पान नाही पण सगळी लाल. ओढ्यातल्या डबक्यांत उरलेसुरले मासे आणि चिंबोऱ्या. त्यावर बगळे.

असे कडे जगात इतरत्रही आहेत. गिरसप्पाचा धबधबा आपल्यापेक्षा कितीतरी उंच, अडीचशे मीटर, पण त्याचा दगड लाव्हाचा नाही, त्याहून फार जुना आहे. आपल्या दगडाची भावकी पाहायची तर थेट अमेरिकेत जावे लागते. तिथे वॉशिंग्टन नावाच्या राज्यात पलूस नावाचा धबधबा आहे, साठेक मीटरचा, अशाच शिलारसाच्या थरांत कापलेल्या घळीतला. तो मुलूख आपल्या देशावरल्यासारखा, रुक्ष. वॉशटकना नावाच्या एका लहानशा गावातल्या शाळकरी मुलांनी खटपट केली, की हा आमचा धबधबा राज्याचा अधिकृत धबधबा म्हणून जाहीर व्हावा. मुले विधिमंडळापर्यंत गेली, आणि २०१४ साली तसा कायदा झाला. गंमत अशी, की ज्या धबधब्यासाठी मुलांनी कायदा करून घेतला, तिथेही पुढे माणसे पडली, बुडाली, आणि कुंडाकडे उतरणारी वाट बंद करावी लागली. दगड तोच, पाणी तेच, माणसेही तीच.

आमच्या गव्हाणचा मुलूख या तीस वर्षांत पार बदलला. खारपाटावर इमारती आल्या. १२ जानेवारी २०२४ ला रेल्वे उरणपर्यंत गेली. खाडीपलीकडचा डोंगर पाहायचा तर आता घराच्या गच्चीवर चढावे लागते. फणसवाडीचा म्हातारा केव्हाच गेला. करंजाचे झाड मात्र आहे, मुळे आणखी उघडी पडली आहेत. मे महिन्यात गेलो की मी त्याच्या सावलीत बसून करवंदे खातो. मागच्या उन्हाळ्यात त्या मुळांत दोन चपला अडकलेल्या होत्या, वेगवेगळ्या जोडांतल्या. खिशात पिशवी होती, तीत घालून आणल्या.

तो उंच मुलगा आता न्हावा-शेव्याच्या बंदरात क्रेन चालवतो. त्याची स्वतःची मुलगी नववीला आहे. क्रेनच्या खोलीतून, हवा स्वच्छ असली तर, खारघरचा डोंगर दिसतो म्हणतो. दर वर्षी जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की सकाळी त्याचा फोन येतो. इकडचे तिकडचे काही बोलत नाही. एवढेच विचारतो, "सर, कडा लागला का?"

आणि मी छत्री शोधायला लागतो.